सेजब्रशच्या माळरानाचे पुनर्स्थापन: जागेच्या निवडीपासून दहाव्या वर्षाच्या नोंदींपर्यंत

पश्चिम अमेरिकेतील नेवाडा, आयडाहो, ओरेगन, युटा, वायोमिंग आदी राज्यांतील थंड आणि कोरड्या माळरानांवर सेजब्रश हे राखाडी-हिरव्या पानांचे झुडूप दूरवर पसरलेले आढळते. जोतिबाला वाहिला जाणारा दवणा ज्या आर्टेमिसिया प्रजातीतला आहे, त्याच प्रजातीतले हे झुडूप असल्यामुळे त्याची पाने चुरगळल्यावर येणारा उग्र सुवास मराठी माणसाला अगदीच परका वाटू नये. येथे पाणी मुख्यतः हिवाळ्यातील बर्फाच्या रूपाने मिळते आणि उन्हाळा जवळपास कोरडा जातो. सेजब्रशची मुळे खोल थरांतील ओलावा रात्री वरच्या कोरड्या मातीत आणून सोडतात, हे १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसून आले. या झुडपांच्या आडोशाने गवते, रानफुले, कीटक, पिग्मी ससा, सेज थ्रॅशर हा लहान पक्षी, प्राँगहॉर्न हा हरणासारखा प्राणी आणि मुख्य म्हणजे सेज ग्राऊस हा पक्षी जगतो.

या परिसंस्थेचे मूळ क्षेत्र आज जवळपास निम्म्यावर आले आहे. २०२२ मध्ये अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने अन्य संस्थांच्या सहकार्याने प्रसिद्ध केलेल्या आराखड्यानुसार, त्याआधीच्या सुमारे वीस वर्षांत दरवर्षी सरासरी १३ लाख एकर, म्हणजे सव्वापाच लाख हेक्टर, निरोगी सेजब्रश क्षेत्र ढासळत गेले. हा लेख या माळरानांवर अभ्यास किंवा प्रत्यक्ष काम करू इच्छिणाऱ्या वाचकांसाठी असून कामाच्या क्रमावर त्यात विशेष भर दिला आहे. फसलेले बहुतेक प्रकल्प बी टाकण्याआधीच फसलेले असतात, आणि त्याचे कारण चुकलेला क्रम हे असते.

आधी जागा ठरवावी

जळून काळवंडलेली जमीन दिसली की तेथेच बियाणे आणि पैसा ओतावासा वाटणे स्वाभाविक आहे. वर उल्लेखिलेला आराखडा मात्र याच्या उलट सांगतो. त्यात माळरानाचे तीन भाग पाडले आहेत: अजून शाबूत असलेला गाभा, थोड्या प्रयत्नांनी सावरू शकणारा पट्टा, आणि बराच बदललेला उर्वरित प्रदेश. गाभ्यातील तणाचा शिरकाव आधी थोपवावा, मग त्याला लागून असलेला पट्टा सावरावा आणि अशा रीतीने निरोगी क्षेत्र बाहेरच्या दिशेने वाढवत न्यावे, असे हे धोरण आहे. तणाने पूर्ण व्यापलेल्या पट्ट्याच्या मध्यभागी उभारलेले हिरवे बेट पुढच्या वणव्यात टिकत नाही, हे लक्षात घेतले तर या धोरणातील कठोरपणा समजू शकतो. निवडीसाठी उपग्रहचित्रांवर आधारित ‘रेंजलँड ॲनालिसिस प्लॅटफॉर्म’ हे साधन उपयोगी पडते. त्यात १९८६ पासूनचे झुडपे, बहुवर्षायू गवते, एकवर्षायू गवते, वृक्ष आणि उघडी जमीन यांचे वार्षिक प्रमाण विनामूल्य पाहता येते. तेवढ्यावर विसंबून आराखडा कायम करू नये. प्रत्यक्ष पाहणीला पर्याय नाही.

जमिनीचे निदान

प्रत्यक्ष जागेवर गेल्यावर तीन गोष्टी तपासाव्यात.

पहिली गोष्ट म्हणजे जमिनीचे तापमान आणि ओलावा. ५० सेंटिमीटर खोलीवर मातीचे वार्षिक सरासरी तापमान ८ अंश सेल्सिअसपेक्षा कमी असेल आणि हिवाळी ओलावा पुरेसा असेल, तर अशी जमीन वणव्यानंतर बहुधा स्वतःहून सावरते आणि तणालाही दाद देत नाही. तापमान ८ ते १५ अंशांच्या दरम्यान आणि वार्षिक पर्जन्य ३०० मिलिमीटरहून कमी असलेल्या सखल जमिनी या दोन्ही बाबतींत दुबळ्या असतात. अभ्यासक या दोन गुणांना लवचीकता आणि प्रतिकारक्षमता म्हणतात. एकाच डोंगराच्या उत्तर आणि दक्षिण उतारावर ते वेगवेगळे असू शकतात, त्यामुळे संपूर्ण प्रकल्पाला एकच उपाय लावणे चुकीचे ठरते.

दुसरी गोष्ट म्हणजे शिल्लक असलेली बहुवर्षायू गवते. ब्लूबंच व्हीटग्रास, स्क्विरलटेल, सँडबर्ग ब्लूग्रास यांचे थोंब जळून गेल्यासारखे दिसले तरी त्यांचा बुंधा बहुधा जिवंत असतो. बहुवर्षायू गवते आणि रानफुले मिळून जमिनीचा साधारण २० टक्के भाग व्यापत असतील, तर तेथे पेरणीची गरज बहुधा नसते. उलट पेरणीयंत्र फिरवल्याने वाचलेले थोंब उपटले जातात आणि शेवाळ, दगडफूल व सूक्ष्मजीवांनी बनलेला मातीवरचा नाजूक पापुद्राही मोडतो. काही न करण्याचा निर्णय कागदावर समर्थनीय वाटत नाही. पण अशा जमिनीवर तोच योग्य असतो.

तिसरी गोष्ट म्हणजे सेजब्रशची उपजात. बिग सेजब्रश, म्हणजे आर्टेमिसिया ट्रायडेंटाटा, याच्या तीन प्रमुख उपजाती आहेत. बेसिन उपजात खोल मातीत वाढते आणि दोन मीटरहून उंच जाते. अशी माती चांगली असल्यामुळे तिचा बराच भाग पूर्वीच शेतीखाली गेला. वायोमिंग उपजात उथळ, कोरड्या जमिनीत राहते आणि उंचीने बुटकी असते. माउंटन उपजात उंचावरच्या गार भागात आढळते. पाने पाण्यात कुस्करून अंधारात अतिनील दिव्याखाली धरली तर माउंटन उपजातीचा अर्क ठळक निळसर चमकतो आणि इतर दोन्हींचा फारच फिकट दिसतो. चार पैशांच्या दिव्याने होणारी ही परीक्षा पुढे बियाण्याच्या वेळीही कामी येते.

तणाचा प्रश्न बियाण्याच्या आधी

यूरोप-आशियातून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आलेले चीटग्रास हे एकवर्षायू गवत या साऱ्या अरिष्टाच्या मुळाशी आहे. ते शरद ऋतूतच उगवते, हिवाळाभर मुळे वाढवते, वसंतात देशी रोपांच्या आधी ओलावा शोषून घेते आणि जूनपर्यंत वाळून जाते. त्यामुळे झुडपांमधल्या, पूर्वी उघड्या असणाऱ्या जागा वाळल्या गवताने भरतात आणि आग सलग पसरते. वायोमिंग सेजब्रशच्या प्रदेशात दोन वणव्यांमध्ये पूर्वी अनेक दशके, कित्येकदा शतकभर, अंतर असे; चीटग्रासने व्यापलेल्या काही पट्ट्यांत ते दहा वर्षांहून कमी झाले आहे. सेजब्रश मुळांपासून पुन्हा फुटत नाही. आगीत झुडूप मेले की ते बियाण्यापासूनच यावे लागते, आणि ते बाळसे धरण्याआधीच पुढची आग येते. नेवाडात २०१८ मध्ये भडकलेल्या मार्टिन वणव्यात सुमारे १ लाख ७६ हजार हेक्टर क्षेत्र जळाले, त्यामागेही आदल्या ओल्या हंगामात माजलेले हेच गवत होते.

वणव्यात चीटग्रासचे बरेचसे बीही जळते. त्यामुळे वणव्यानंतरचा पहिला शरद ऋतू ही त्याला रोखण्याची सर्वांत चांगली संधी असते. पहिल्या पावसाआधी इमाझापिक हे उगवणपूर्व तणनाशक हेक्टरी साधारण ७० ते १०५ ग्रॅम क्रियाशील घटक या प्रमाणात फवारले जाते. मात्र ते देशी बियाण्यालाही बाधते, म्हणून पेरणी सहसा वर्षभर पुढे ढकलावी लागते. त्या वर्षभरात तणही पुन्हा डोके वर काढू लागते, हा या पद्धतीतला खरा पेच आहे. २०२० पासून चराऊ जमिनीसाठी परवानगी मिळालेल्या इंडाझिफ्लॅमचा परिणाम तीन किंवा अधिक वर्षे टिकतो. जेथे बहुवर्षायू गवतांची मुळे आधीच खोल रुजली आहेत, तेथे त्याचा उपयोग उत्तम होतो. जेथे पेरणी करायची आहे तेथे मात्र ते टाळावे, कारण ते देशी बियाण्याचीही उगवण तितकीच वर्षे अडवते. प्रमाण आणि अटी नेहमी वेष्टनावरील सूचनांनुसारच पाळाव्यात, आणि फवारणी परवानाधारक व्यक्तीकडूनच करून घ्यावी.

वरील पेच सोडवण्यासाठी ओरेगनमधील बर्न्स येथील कृषी संशोधकांनी अंगीकारलेली पद्धत लक्षणीय आहे. त्यात देशी बी सक्रिय कोळशाच्या भुकटीसह छोट्या गोळ्यांत बांधले जाते. कोळसा आपल्या भोवतीचे तणनाशक शोषून निष्प्रभ करतो, त्यामुळे फवारणी आणि पेरणी एकाच हंगामात करता येतात.

बियाणे: जेथे सर्वाधिक चुका होतात

सेजब्रशचे बी ऑक्टोबरअखेरीपासून डिसेंबरपर्यंत पिकते. ते इतके बारीक असते की एका किलोत साधारण ४० ते ५० लाख दाणे भरतात. त्यांतले बहुतेक मातृझुडपापासून काही मीटरांच्या आतच पडतात, म्हणूनच हजारो हेक्टर जळालेल्या क्षेत्राच्या मध्यापर्यंत बी आपोआप पोहोचण्याची आशा धरता येत नाही. साध्या गोदामात त्याची उगवणक्षमता दोन-तीन वर्षांतच ढासळते. त्यामुळे ते थंड आणि कोरड्या जागी साठवावे, आणि पेरणीआधी ताजी तपासणी करून घ्यावी.

खरेदी करताना पोत्याच्या वजनाला महत्त्व देऊ नये. सेजब्रशच्या बियाण्यात पानांचा व काड्यांचा भुसा फार असतो. शुद्धता १५ टक्के आणि उगवणक्षमता ८० टक्के असेल, तर खरे जिवंत बी फक्त १२ टक्के असते. हेक्टरी ११० ग्रॅम जिवंत बी हवे असल्यास पोत्यातले जवळपास ९२० ग्रॅम टाकावे लागते. एक हजार हेक्टरांसाठी हीच मागणी नऊशे किलोंच्या वर जाते आणि अंदाजपत्रक तेथेच कोसळते. ११० ग्रॅम म्हणजे चौरस मीटरमागे सुमारे पन्नास दाणे. त्यांतून एखादे रोप टिकले तरी पीक चांगले मानावे.

त्याहून गंभीर प्रश्न उपजातीचा आणि मूळ ठिकाणाचा आहे. वायोमिंग उपजात म्हणून विकल्या गेलेल्या बियाण्यात प्रत्यक्षात बेसिन उपजातीचे बी निघाल्याचे संशोधनात आढळले आहे, कारण उंच बेसिन झुडपांवर बी भरपूर असते आणि गोळा करणेही सोपे जाते. बेसिन उपजातीची रोपे उथळ, कोरड्या जमिनीत तगत नाहीत. दाण्यांचे वजन आणि अतिनील प्रकाशातील चमक यांवरून ही भेसळ बऱ्याच अंशी पकडता येते. मूळ ठिकाणासाठी हवामानानुसार आखलेले बीजविभाग पाहावेत. योग्य बी योग्य ठिकाणी जावे या उद्देशाने २०१५ मध्ये अमेरिकेत राष्ट्रीय बीज धोरणही आखले गेले. तरीही मोठ्या वणव्यांच्या वर्षी आयडाहोतील बॉयसी शहराच्या सरकारी गोदामापासून खासगी विक्रेत्यांपर्यंत सर्वत्र ओढाताण होते आणि मिळेल ते घेण्याचा मोह होतो. माझ्या मते चुकीच्या उपजातीचे बी पेरण्यापेक्षा वर्षभर थांबणे बरे, कारण चुकीचे बी उगवून मेले तर निदान पैसाच जातो, पण जगले तर ते पुढील पिढ्यांत मिसळते.

पेरणी आणि लावणी

गवतांचे बी १ ते २ सेंटिमीटर खोल जावे लागते. सेजब्रशचे बी ३ मिलिमीटरहून खोल गेले तर फारसे उगवत नाही. एकाच पाभरीच्या एकाच नळीतून दोन्ही टाकणे हा सर्रास होणारा दोष यातूनच उद्भवतो. गवते ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तासांत पेरावीत. ब्लूबंच व्हीटग्राससाठी हेक्टरी ९ किलो जिवंत बी, म्हणजे चौरस मीटरमागे पावणेतीनशे दाणे, हे प्रमाण सामान्यतः वापरले जाते. सेजब्रशचे बी स्वतंत्र पेटीतून पृष्ठभागावर सोडून मागून रूळ किंवा दाबचाक फिरवावे, जेणेकरून बी मातीला चिकटेल पण गाडले जाणार नाही. खडकाळ भागात हेलिकॉप्टरने किंवा विमानाने हिवाळ्यात, शक्यतो पातळ बर्फावर, बी टाकले जाते. बर्फ वितळताना बी मातीला बिलगते आणि फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान उगवते.

उगवण झाली म्हणजे काम झाले असे नाही. बहुतेक रोपे पहिल्या वर्षातच मरतात. कोणते वर्ष अनुकूल ठरेल हे आधी सांगता येत नसल्यामुळे सारे बी एकाच वर्षी न टाकता दोन-तीन वर्षांत विभागून पेरावे. सरकारी निधीची मुदत याच्या आड येते, हे मान्य करूनही निदान एक तृतीयांश बी राखून ठेवण्याचा आग्रह धरावा.

पेरणीला जोड म्हणून रोपवाटिकेतील रोपे लावता येतात. ती सर्वत्र विखरून लावण्यापेक्षा निवडक जागी दाट बेटे करावीत, म्हणजे पुढे तीच बियाण्याची केंद्रे होतात. ‘सेजब्रश इन प्रिझन्स’ या उपक्रमात २०१४ पासून ओरेगन व नंतर इतर राज्यांच्या तुरुंगांत कैदी अशी रोपे वाढवत आहेत. क्रेस्टेड व्हीटग्रास हे १९३० च्या दशकापासून मोठ्या प्रमाणावर पेरले गेलेले परदेशी गवत जेथे दाट आहे, तेथे मात्र आधी ते विरळ केल्याशिवाय रोपे लावू नयेत.

झाडे तोडण्याचा अवघड निर्णय

आगी रोखल्यामुळे आणि अतिचराईमुळे ज्युनिपर व पिन्यन पाइन हे वृक्ष गेल्या दीड शतकात झुडपी माळावर सरकले आहेत. गवताळ माळांना पडीक समजून त्यांवर झाडे लावल्याने माळढोकासारख्या पक्ष्यांचे काय होते, हे महाराष्ट्रातील वाचकांना ठाऊक आहे. येथेही प्रकार तसाच आहे. वृक्षांचे आच्छादन अवघ्या ४ टक्क्यांवर गेले तरी नर सेज ग्राऊस वसंतात माद्यांना आकर्षित करण्यासाठी जेथे नाचतात, ते तेथील नाचाचे मैदान सोडतात, असे ओरेगनमधील अभ्यासात दिसले. उंच झाडावर बसलेले शिकारी पक्षी हे त्यामागचे एक कारण मानले जाते.

तोडणी सुरुवातीच्या टप्प्यात, म्हणजे झुडपे अजून वरचढ असताना, हातकरवतीने करावी आणि फांद्या छाटून जमिनीवर पसरवाव्यात. वृक्ष दाट झाल्यावर यंत्रे लावावी लागतात, माती उघडी पडते आणि चीटग्रासला वाट मिळते. पक्ष्यांच्या विणीच्या काळात, म्हणजे साधारण मार्च ते जुलै, करवत बंद ठेवावी. गोलसर शेंडा आणि खोल भेगांची साल असलेले शतायुषी वृक्ष राखावेत. पिन्यनच्या बिया शोशोनी आणि पायूट लोकांच्या आहारातील व परंपरेतील महत्त्वाचा भाग आहेत, आणि घटत चाललेला पिन्यन जे हा पक्षीही मुख्यतः त्यांवर जगतो. म्हणून त्या भागात स्थानिक आदिवासी समाजाशी बोलल्याशिवाय कुऱ्हाड चालवू नये.

पक्ष्यांच्या वर्षभराच्या गरजा

सेज ग्राऊसच्या संख्येत १९६० च्या दशकाच्या मध्यापासून सुमारे ८० टक्के घट झाली आहे. २०१५ मध्ये या पक्ष्याला संकटग्रस्त प्रजातींच्या कायद्याखाली संरक्षण देण्याची गरज नाही, असे केंद्र सरकारने ठरवले. मात्र व्यापक अधिवास-संरक्षणाची आश्वासने हा त्या निर्णयाचा आधार होता.

हिवाळ्यात हा पक्षी जवळजवळ फक्त सेजब्रशची पाने खातो. वसंतात नर उघड्या मैदानांवर पहाटे नाचतात, आणि बऱ्याच माद्या त्या मैदानापासून पाचेक किलोमीटरच्या आत झुडपाखाली घरटे करतात. प्रजननक्षेत्रासाठी सर्वमान्य निकष असे आहेत: सेजब्रशचे आच्छादन १५ ते २५ टक्के, झुडपाची उंची ३० ते ८० सेंटिमीटर, आणि गवताची उंची किमान १८ सेंटिमीटर. पिलांना मात्र पहिले काही आठवडे कीटक आणि रानफुलांची कोवळी पाने लागतात, जी उन्हाळ्यात प्रामुख्याने ओलसर कुरणांत मिळतात. ही कुरणे भूभागाचा अत्यल्प हिस्सा असली तरी त्यांच्यावाचून बाकीचे सारे व्यर्थ ठरते. ओघळींनी ती खचत असतील तर कोलोराडोतील गनिसन खोऱ्याप्रमाणे एका दगडाच्या उंचीचे बांध घालावेत. आपल्याकडील पाणलोट कामांत अनघड दगडी बांध घालणाऱ्यांना हे तंत्र लगेच कळेल. फरक इतकाच की येथे बांध मुद्दाम बुटका आणि पसरट ठेवतात, जेणेकरून पाणी अडून साचण्याऐवजी कुरणभर पसरते. नाचाच्या मैदानांजवळील काटेरी तारांवर पांढरी फलके अडकवल्याने पक्षी धडकण्याचे प्रमाण आयडाहोतील अभ्यासात सुमारे ८३ टक्क्यांनी घटले. इतक्या स्वस्तात इतका लाभ देणारे काम या क्षेत्रात दुसरे नाही.

चराई

पेरलेल्या क्षेत्रात किमान दोन वाढीचे हंगाम गुरे सोडू नयेत. तरीही ही मुदत पंचांगाप्रमाणे न पाळता रोपांकडे पाहून ठरवावी: गवताचे थोंब ओढले तरी उपटत नाहीत आणि त्यांना बी धरले आहे, हे दिसल्यावरच कुंपण उघडावे. चराई परवानाधारक पशुपालकाला पहिल्याच बैठकीत सामील करून घ्यावे, कारण दोन वर्षे कुरण बंद राहण्याचा खर्च तोच सोसतो. अमेरिकी कृषी खात्याच्या नैसर्गिक संसाधन संवर्धन सेवेने २०१० मध्ये सुरू केलेल्या ‘सेज ग्राऊस इनिशिएटिव्ह’ने खासगी जमिनींवर यासाठी आर्थिक साहाय्य उपलब्ध करून दिले.

नोंदी आणि संशोधन

काम सुरू होण्यापूर्वीच काही तुकडे मुद्दाम उपचाराविना सोडावेत आणि त्यांची निवड चिठ्ठ्या टाकून करावी. तसे न केल्यास आलेले यश पेरणीचे की चांगल्या पावसाचे, हे पुढे कोणालाही सांगता येत नाही. प्रत्येक तुकड्यात ठरावीक लांबीची दोरी ताणून ठरावीक अंतरावर सळई टोचावी, आणि तिला काय स्पर्श करते ते लिहावे; झुडूप, गवत, तण, पापुद्रा की उघडी माती. दोन थोंबांमधील मोकळ्या जागेची लांबीही मोजावी, कारण मोठ्या फटींतच चीटग्रास शिरते. छायाचित्रे त्याच खुंटावरून, त्याच दिशेने आणि शक्यतो त्याच आठवड्यात घ्यावीत. सेज ग्राऊसची मोजणी वसंतात सूर्योदयाच्या सुमारे अर्धा तास आधीपासून, दुरून आणि एकाच मैदानावर अनेकदा करावी.

पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या, पाचव्या आणि दहाव्या वर्षी ही मोजणी पुन्हा करावी. वायोमिंग सेजब्रशला वणव्यानंतर पूर्ववत होण्यास पन्नास किंवा अधिक वर्षे लागू शकतात. त्यामुळे तिसऱ्या वर्षी झुडपे दिसत नाहीत म्हणून प्रकल्प फसला असे लिहू नये, तसेच गवत हिरवेगार आहे म्हणून सफल झाला असेही लिहू नये. तिसऱ्या वर्षी पाहायचे ते एवढेच की बहुवर्षायू गवते साधारण २० टक्क्यांच्या दिशेने चालली आहेत का, आणि चीटग्रास शेजारच्या उपचाराविना सोडलेल्या तुकड्यापेक्षा कमी आहे का. दोन्हींचे उत्तर नकारार्थी आल्यास राखून ठेवलेले बी बाहेर काढण्याआधी तणाची उपाययोजना पुन्हा करावी.